पत्ता : मुंबई, साल : १८३६

ट्रेक झाले, फूड वॉक झाले, हेरिटेज वॉकही झाला. आता एकदा ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरून बघा. बोटभर लांबीचा एक मासा तिथे तुमच्याकडे टक लावून बसलेला असेल. त्याच्या नावाची गोष्ट पॅरिसला जाते, त्रिनिदादला जाते, फिलाडेल्फियाला जाते. पण सुरू होते ती आपल्याच शहरात!

संध्याकाळी सहाच्या सुमारास बँडस्टँडवर कोण काय करत असतं? अर्धी गर्दी शाहरुखच्या बंगल्याच्या गेटसमोर, उरलेली अर्धी सेल्फी काढण्यात. कपल्स आपल्या दुनियेत, जॉगर्स आपल्या इअरफोनमध्ये. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांची पाठ समुद्राकडे असते. समुद्र हा आपल्यासाठी फोटोतला बॅकग्राउंड! त्यातही ओहोटी असली की खडक उघडे पडतात, वास येतो, आणि 'आज व्ह्यू काही खास नाहीये यार' असं म्हणत आपण कॉफी शॉप गाठतो.

पण खरी मजा नेमकी तेव्हाच सुरू होते. पाणी ओसरलं की काळ्या बसाल्टच्या खाचखळग्यांमध्ये छोटी छोटी तळी उरतात. कुठलं तळं बादलीएवढं, कुठलं चहाच्या कपाएवढं. पुढच्या भरतीपर्यंतचे काही तास जे कोणी त्यात अडकलं, त्याचं जग तेवढंच. खेकडे, गोगलगायी, शंख, झुडपासारखी दिसणारी शेवाळं, फुलासारखे उमलणारे सी-ॲनिमोन. आणि या सगळ्यात एखाद्या भोकातून फक्त डोकं बाहेर काढून बसलेला, मोठ्या डोळ्यांचा, जाड ओठांचा, कायम थोडा वैतागल्यासारखा दिसणारा एक मासा. सोमवारी सकाळच्या मीटिंगला आपला चेहरा जसा असतो, डिट्टो तसा.

हा ब्लेनी. आजचा आपला हीरो.

ब्लेनी म्हणजे नेमका कोण?

आधी थोडी ओळख करून घेऊ. 'ब्लेनी' हा शब्द ग्रीक भाषेतल्या बुळबुळीत चिकट पदार्थाच्या नावावरून आला. थोडक्यात, शेंबड्या! नाव काही फार आदराचं नाही, पण अचूक आहे. मुख्य ब्लेनी कुटुंबातल्या माशांच्या अंगावर खवलं नसतात. त्याऐवजी एक बुळबुळीत थर असतो. खडकांच्या फटीत घुसताना अंग खरचटू नये, पाणी ओसरल्यावर कातडी लगेच सुकू नये, यासाठी तो फारच कामाचा.

खडकांतल्या तळ्यात दिसणारा प्रत्येक छोटा मासा ब्लेनी नसतो. गोबी नावाचे मासे दिसायला बरेचसे तसेच असतात. चिखलात टुणटुण उड्या मारणारी आपली निवटी गोबींच्याच गोतावळ्यातली. मग फरक कसा ओळखायचा? फंडा सोपा आहे. पाठीवरचा पर बघा. गोबीच्या पाठीवर बहुधा दोन वेगवेगळे पर असतात. ब्लेनीच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत जाणारा एकच लांबलचक पर. पोटाखालचे परही वेगळे. बऱ्याचशा गोबींमध्ये ते जोडले जाऊन त्यांची वाटीसारखी चूषणी बनते. ब्लेनीचे मात्र दोन बारीक काड्यांसारखे, गळ्यापाशी. त्यांच्यावर टेकून तो असा बसतो, जणू नाक्यावरच्या कट्ट्यावर बसलाय. कित्येक ब्लेनींच्या डोळ्यांवर भुवयांसारखे झुपके असतात, त्यामुळे चेहरा आणखीच नाटकी दिसतो.

जगभरात या मुख्य कुटुंबातल्या जातींची संख्या चारशेच्या आसपास आहे. त्यातल्या काही तर भलत्याच उपद्व्यापी. एक जात साफसफाई करणाऱ्या माशासारखा हुबेहूब वेष घेते, मोठे मासे अंग साफ करून घ्यायला थांबले की त्यांचा लचका तोडते आणि पसार होते. सुळेवाल्या काही ब्लेनींच्या खालच्या जबड्यात विषारी दात असतात. त्या विषात अफूसारखं काम करणारे घटक सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे चावल्यावर दुखण्यापेक्षा समोरच्याला गरगरायला लावणं हा त्यांचा खाक्या.

आपल्या खडकांवरचा हीरो इतका खतरनाक नाही. पण त्याचा बायोडेटा मात्र जबरदस्त आहे.

द्युसुमिए आणि मांदेली

आता जरा मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाची पहिली काही दशकं. मुंबईत मरीन ड्राइव्ह नाही, व्हीटी स्टेशन नाही. पहिली रेल्वे १८५३ मध्ये धावणार, म्हणजे तिलाही अवकाश आहे. बंदरात शिडाची जहाजं येतात-जातात. त्यातल्या एका जहाजावरून वेळोवेळी येणारा एक फ्रेंच माणूस, ज्याँ-जाक द्युसुमिए. धंद्याने व्यापारी आणि जहाजमालक. हिंदी महासागर, चीनपर्यंतच्या खेपा, मालाची ने-आण हा त्याचा उद्योग.

पण या गड्याला एक वेगळंच वेड होतं. ज्या बंदराला जहाज लागेल तिथले मासे, पक्षी, प्राणी गोळा करायचे आणि पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला पाठवायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर जॉब सांभाळून केलेलं पॅशन!

पॅरिसमध्ये त्या वेळी जगातल्या सगळ्या माशांची एक अवाढव्य यादी करण्याचं काम चाललं होतं. जॉर्ज क्युव्हिए आणि आशिल व्हालांसिएन या दोन शास्त्रज्ञांनी ते हाती घेतलं होतं. १८२८ ते १८४९ या काळात त्याचे २२ खंड निघाले. क्युव्हिए १८३२ मध्ये वारला, त्यानंतर व्हालांसिएनने गाडा पुढे ओढला. त्यांना देशोदेशीचे मासे हवे होते आणि द्युसुमिएकडे ते होते.

'हे काय, कोण कुठला फ्रेंच माणूस, आपल्याला काय त्याचं?' असं वाटत असेल तर थांबा. तुमच्या आईने तव्यावर कुरकुरीत तळलेली मांदेली आठवा. तिचं शास्त्रीय नाव आहे कोइलिया द्युसुमिएरी. म्हणजे गेली कित्येक वर्षं आपण वरण-भाताबरोबर या माणसाचं नाव चवीने खातोय!

याच द्युसुमिएने मुंबईहून नेलेल्या माशांमध्ये एक बारीकसा ब्लेनी होता. १८३६ मध्ये ग्रंथाच्या अकराव्या खंडात व्हालांसिएनने त्याचं वर्णन छापलं. नाव दिलं ब्लेनेकिस पंक्टाटस. पंक्टाटस म्हणजे ठिपकेवाला. आणि मासा कुठून आला याची नोंद : बॉम्बे.

बस्स. एका छापील शब्दाने या माशाचा पत्ता कायमचा ठरला. आज तो मोझांबिकपासून जपानपर्यंत सापडतो. पण शास्त्राच्या वहीत त्याचं मूळ गाव मुंबई. कुर्ल्याचा की कुलाब्याचा, माहीमचा की माझगावचा, एवढं त्या नोंदीत नाही. पण मुंबईकर नक्की!

फाइल तीच, फोल्डर वेगळा

आज मात्र तुम्ही 'ब्लेनेकिस' शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. आता या माशाचं नाव आहे ओमोब्रँकस पंक्टाटस. मग नाव बदललं कसं?

माशांची (आणि सगळ्याच प्राण्यांची) नावं दोन शब्दांची असतात. पहिला शब्द म्हणजे फोल्डर, दुसरा म्हणजे फाइल. फाइल या फोल्डरमधून उचलून त्या फोल्डरमध्ये टाकता येते, पण फाइलचं स्वतःचं नाव शक्यतो तेच राहतं. पुढच्या अभ्यासकांनी दात, कल्ले, डोक्यावरची बारीक छिद्रं वगैरे तपासून ठरवलं की हा मासा दुसऱ्या फोल्डरमधला. ओमोब्रँकस हा फोल्डरही व्हालांसिएननेच त्याच १८३६ च्या खंडात तयार केला होता. ग्रीकमध्ये 'ओमोस' म्हणजे खांदा आणि 'ब्रँकिया' म्हणजे कल्ले. या माशांमध्ये कल्ल्यांचं तोंड अगदी आखूड असतं आणि खांद्यापाशी वरच्या बाजूला असतं, म्हणून हे नाव.

शास्त्रज्ञ हे नाव लिहिताना पुढे '(व्हालांसिएन, १८३६)' असं कंसात लिहितात. तो कंस उगीच नाही. कंस असला की समजायचं, नाव देणाऱ्याने ही फाइल आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती. कंस नसला तर फोल्डर पहिल्यापासून तोच आहे. दोन छोट्या कंसांत केवढा इतिहास!

या सगळ्या नावांच्या खेळाला नियमही आहेत. सुरुवातीची रेघ आहे १७५८ साल. त्या वर्षीच्या लिनियसच्या ग्रंथापासून प्राण्यांची नावं मोजायची. एकाच प्राण्याला दोघांनी वेगवेगळी नावं दिली असतील, तर साधारणपणे जुनं नाव जिंकणार. आणि प्रत्येक नावाला एक खुंटा असतो. ज्या नमुन्यावरून नाव दिलं, तो नमुना म्युझियममध्ये जपून ठेवायचा. पुढे कधी वाद झाला तर व्याख्या काय म्हणते यापेक्षा 'बरणीतला तो मासा' काय म्हणतो ते महत्त्वाचं. प्रॉपर्टीच्या भांडणात मूळ सातबारा काढतात ना, तसंच.

एक मासा, किती बारशी?

आता या कथेतला मसालेदार भाग.

१९३० मध्ये वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर एका अमेरिकन डांबर कंपनीच्या लोकांनी काही मासे गोळा केले. त्रिनिदादमध्ये डांबराचं एक भलंमोठं नैसर्गिक तळं आहे. बार्बर अस्फाल्ट नावाच्या या कंपनीचा धंदा त्याच डांबराचा. मासे पोहोचले फिलाडेल्फियाला, हेन्री फाउलर या मत्स्यशास्त्रज्ञाकडे. त्यात पोर्ट ऑफ स्पेनजवळचा एक छोटा ब्लेनी होता. अटलांटिकच्या त्या बाजूला असा मासा कुणी पाहिला नव्हता. फाउलरने १९३१ मध्ये त्याला नवी जात म्हणून जाहीर केलं. एवढंच नाही, त्याच्यासाठी नवा फोल्डरही उघडला. नाव : पोरोआल्टिकस स्यूअली.

तिकडे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जे. एल. बी. स्मिथ या नामवंत शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये ओमोब्रँकस देअल्मेइदा अशी एक जात नोंदवली. हा स्मिथ म्हणजे कोएलॅकँथ हा 'जिवंत जीवाश्म' जगाला ओळखून देणारा माणूस. साधासुधा नाही.

मग १९७५ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिक्टर स्प्रिंगर आणि मार्टिन गोमन या दोघांनी ओमोब्रँकसचा अख्खा फोल्डर रिकामा केला, ठिकठिकाणच्या बरण्या मागवल्या, काटे मोजले, दात मोजले, डोक्यावरची छिद्रं मोजली. आणि निकाल दिला : त्रिनिदादचा पोरोआल्टिकस आणि आफ्रिकेचा देअल्मेइदा, दोघंही आपला मुंबईकर पंक्टाटसच! एकच मासा, तीन समुद्रकिनाऱ्यांवर तीन बारशी. नियमानुसार सगळ्यात जुनं नाव टिकलं, म्हणजे मुंबईचं.

इथे फाउलरला हसण्याचं कारण नाही. अटलांटिकमध्ये मिळालेला मासा हिंदी महासागरातल्या माशाशी ताडून बघावा, हे सहजासहजी कुणाच्या डोक्यात येणार नाही. मध्ये आख्खं आफ्रिका खंड आहे. नऊ-दहा सेंटिमीटरच्या पलीकडे न वाढणारा, शिंपल्यात राहणारा मासा तिथे पोहोचणार कसा?

जहाजाच्या पोटाला चिकटून

याचं एक उत्तर अभ्यासकांनी मांडलंय, आणि ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून निघून त्रिनिदादला पोहोचलं. त्यात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारावर नेलेली दोनशेहून अधिक हिंदुस्थानी माणसं होती. त्यानंतर १९१७ पर्यंत हा सिलसिला चालला. १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं अशीच त्रिनिदादला गेली. त्यातली बहुतेक परत आली नाहीत. आज त्रिनिदादमध्ये दिवाळी साजरी होते, क्रिकेट टीममध्ये रामदीन, नारायण अशी आडनावं दिसत आली आहेत, ती त्यामुळे.

त्या जहाजांचे लाकडी तळ महिनोन् महिने पाण्यात. त्यांच्यावर बार्नकल आणि कालवं यांचा थर चढायचा. त्यातली काही मरून रिकामी व्हायची. आणि ओमोब्रँकस पंक्टाटसला राहायला काय लागतं? नेमकं तेच! रिकामं शिंपलं. मादी त्यात अंडी घालते आणि नर अंड्यांवर पहारा देत बसतो. गढूळ पाणी चालतं, खाडीचं निमखारं पाणीही चालतं. म्हणजे या माशाला जहाजाचा तळ हा प्रवास नव्हताच, ते घरच होतं. घरच हललं.

भारतातून त्रिनिदादला जाणाऱ्या जुन्या जहाजवाहतुकीशी या माशाचा संबंध असावा, असं दक्षिण अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडलं. जोडीला नंतरच्या काळातली मोठी जहाजं आणि तेलविहिरींचे हलते प्लॅटफॉर्म यांचाही हात असू शकतो, असंही म्हटलं. हा मासा पनामा कालव्यात मिळाला, व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यांवर मिळाला. भूमध्य समुद्रात, इस्रायलच्या किनाऱ्यावर तो सापडल्याची पहिली नोंद २००४ मध्ये छापून आली. तिथेही संशय जहाजांवरच.

हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे लक्षात ठेवायला हवं. आणि करारावरच्या माणसांची जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून सुटायची, त्यामुळे त्रिनिदादचा मासा प्रत्यक्षात मुंबईच्याच खडकावरून गेला असं म्हणणं चुकीचं ठरेल. मासा आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर आहे. पण नाव मात्र मुंबईचं. पासपोर्टवर 'प्लेस ऑफ बर्थ' असतं ना, तसं.

नातेवाइकांची उलथापालथ

नावं बदलली, तशी नातीही बदलली. पूर्वी ब्लेनी आणि गोबी दोघांनाही 'पर्सिफॉर्मिस' नावाच्या एका प्रचंड मोठ्या गटात ढकललं जायचं. त्या गटाची अवस्था आपल्या घरातल्या त्या ड्रॉवरसारखी होती, ज्यात चार्जर, जुनी बिलं, पेन, सेलोटेप सगळं एकत्र असतं.

मग डीएनए आला. एकविसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी जनुकं ताडून बघायला सुरुवात केली आणि ड्रॉवर साफ झाला. ब्लेनींचा स्वतंत्र गण झाला, गोबींचा वेगळा. आणि ब्लेनीचे जवळचे सोयरे निघाले भलतेच! २०१२ मध्ये माशांच्या एका मोठ्या गटाला 'ओव्हालेंटारिया' हे नाव मिळालं. या गटातल्या बऱ्याच माशांच्या अंड्यांना चिकट धागे असतात, त्यावरून ते नाव. त्यात ब्लेनी आहेत, उडणारे मासे आहेत, आपली बोय आहे, आणि बाजारात मिळणारी चिलापीसुद्धा आहे.

म्हणजे एकाच तळ्यात शेजारी शेजारी बसलेले, एकसारखे दिसणारे ब्लेनी आणि गोबी हे लांबचे, आणि ब्लेनीचं रक्ताचं नातं चिलापीशी जास्त जवळचं. दोघं सारखे दिसतात, कारण दोघांनाही एकाच प्रकारच्या घरात राहायचंय. फटीत राहायचं तर अंग लांबट हवं, डोळे वर हवेत, लाटेत वाहून जाऊ नये म्हणून पकड हवी. चाळीतल्या शेजाऱ्यांच्या सवयी सारख्या होतात, पण म्हणून ते भाऊ नसतात.

'त्याला कोण विचारतंय?'

एका रविवारी सकाळी मी वांद्र्याच्या खडकांवर तळी बघत फिरत होते. जवळच एक मावशी बसून कालवं फोडत होत्या. एका रिकाम्या शिंपल्यातून एक ब्लेनी डोकं काढून बसला होता. मी विचारलं, ''मावशी, या माशाला काय म्हणता तुम्ही?''

त्यांनी वाकून पाहिलं. ''तो होय? कालवात घुसून बसतो तो. खातपण नाय कोणी. त्याला कोण विचारतंय?''

''पण काही नाव असेल ना?''

''बाजारात जाईल त्याला नाव, पोरी,'' त्या हसत म्हणाल्या आणि पुढच्या कालवाकडे वळल्या.

मला ते वाक्य एकदम पटलं. पापलेट, सुरमई, बोंबील, मांदेली... ज्याला भाव त्याला नाव. ताटात येत नाही त्याची दखल कोण घेणार?

आणि दखल न घेतल्याचा परिणाम होतो. हे कुठे दिसतं सांगते. कोस्टल रोडचं काम २०१८ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा वाहतुकीला खुला झाला. त्यासाठी समुद्रात मोठा भराव घातला गेला. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे लक्षात आणून देण्यात शहरातल्या हौशी निसर्गप्रेमींचाही वाटा होता. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे यादीत त्यांचं नाव आहे. त्यामुळे परवानगी घ्यावी लागली आणि २०२० मध्ये ते प्रवाळ दुसरीकडे हलवले गेले. हलवणं हा पुरेसा उपाय आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण निदान कागदोपत्री प्रश्न तरी आला. त्याच खडकांतल्या ब्लेनीचं नाव अशा कुठल्याही यादीत नाही. त्याच्यासाठी कुणी अर्ज केला नाही, कुणी परवानगी मागितली नाही.

मी काही रस्त्याच्या विरोधात मोर्चा काढायला सांगत नाहीये. कोस्टल रोडवरून मीही जाते, आणि वेळ वाचतो हे खरंच आहे. ओमोब्रँकस पंक्टाटस संपेल म्हणून गळा काढण्याचंही कारण नाही. जो जहाजाला लटकून अटलांटिकमध्ये पोहोचला असावा, गढूळ बंदरात संसार थाटतो, त्या गड्याला आपण लगेच हरवू असं वाटत नाही.

मुद्दा वेगळा आहे. मोझांबिकपासून जपानपर्यंत पसरलेली अशी 'एक' जात डीएनए तपासल्यावर दोन-तीन वेगळ्या जाती निघणं माशांच्या जगात नवीन नाही. उद्या पंक्टाटसच्या बाबतीत तसं निघालं तर जुनं नाव कुणाला मिळणार? नियम सांगतो, मूळ नमुने ज्या जातीचे, तिला. म्हणजे मुंबईच्या माशाला. बाकीच्यांना नवी किंवा बाजूला पडलेली जुनी नावं. पण १८३६ च्या आधी द्रवात बुडवलेल्या माशातून डीएनए काढणं म्हणजे दिव्य. अशा वेळी शास्त्रज्ञ मूळ ठिकाणी जाऊन ताजे मासे घेतात आणि ताडून बघतात. त्या दिवशी जगातल्या कुठल्यातरी लॅबमधून कुणीतरी विचारणार : 'मुंबईच्या खडकांवरचा पंक्टाटस मिळेल का?'

तेव्हा उत्तर देता यायला हवं. त्यासाठी खडक हवेत, आणि ते बघणारी माणसंही हवीत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने हेच केलं. कुठली डिग्री असो वा नसो, लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेलं, जे दिसतं त्याचे फोटो काढायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. जुहू, गिरगाव, हाजी अली, कार्टर रोड. जिथे आपण भेळ खातो तिथेच ऑक्टोपस असतो, हे शहराला तेव्हा कळलं. द्युसुमिएसुद्धा शास्त्रज्ञ नव्हता. आपला धंदा सांभाळून मासे गोळा करणारा माणूस होता. आज बरणीची गरज नाही, खिशातला फोन पुरेसा आहे.

जायचंय? मग हे वाचा

कधी : अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. मुंबईत त्या दिवसांत ओहोटी साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. ऑफिसच्या आधी किंवा नंतर, एकदम परफेक्ट. पावसाळ्यात मात्र अजिबात नको.

भरतीचा हिशेब : कोकणातला जुना फंडा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. हा झाला अंदाज, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघाच.

कुठे : बँडस्टँड आणि कार्टर रोडचे खडक पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोयीचे. एकटे जाऊ नका. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा.

पायात काय : मागे पट्टा असलेल्या, पकड असलेल्या सँडल किंवा जुने बूट. स्लिपर नकोत. शेवाळ घसरतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

काय करायचं : तळ्याजवळ उकिडवं बसा आणि तीन-चार मिनिटं हलू नका. सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी काहीच दिसणार नाही. मग एखादं भोक तुमच्याकडे बघतंय असं वाटेल. तोच तो!

काय करायचं नाही : दगड उलटला तर होता तसा परत ठेवा. मासा हातात धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत आहे. शिंपलं रिकामं दिसलं तरी घरी आणू नका, आत कुणीतरी अंड्यांवर पहारा देत बसलेलं असू शकतं.

फोटो कसा : एक बाजूने, पाठीवरचा पूर्ण पर दिसेल असा. एक समोरून, चेहऱ्याचा. तारीख आणि जागा लिहून ठेवा. 'आयनॅचरलिस्ट'सारख्या ॲपवर टाका, तिथले जाणकार ओळखायला मदत करतात. जागेच्या रकान्यात नुसतं 'मुंबई' लिहू नका, कुठला किनारा तेही लिहा. १८३६ मध्ये तेवढंच राहून गेलंय.